क्रियापद कुठे बसते?
अरबी आणि इंग्रजी वाक्य मराठीतून पाहताना : प्रस्तावना

सातबाऱ्यावर, ग्रामपंचायतीच्या नोटिशीवर आपण गावाचा पत्ता एका ठरलेल्या चालीने लिहितो : मौजे शिरपूर, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. बोलताना मात्र असे कोणी बोलत नाही. बोलताना ‘मालेगाव तालुक्यातलं शिरपूर’ किंवा ‘वाशीम जिल्हा’ असेच तोंडात येते. जिल्हा हा शब्द मागे आणि वाशीम पुढे. कागदावरचा उलटा क्रम फारसी दफ्तरातून आलेला आहे. वऱ्हाड आधी इमादशाहीत, मग मोगलांकडे, मग निजामाकडे होता. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बासीम हे एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. १८५३ मध्ये इथला कारभार इंग्रजांकडे गेला, तरी कागद लिहिण्याची चाल राहिली. ‘मौजे’, ‘कसबे’, ‘किल्ले’ यांच्या शेवटी जो ए-कार आहे तो फारसीतला दोन नामे सांधणारा स्वर. ज्याची ओळख करून द्यायची ते नाम आधी आणि ओळख मागून, ही त्या भाषेची रीत. अरबीचीही रीत तीच. ‘विद्यार्थ्याचे पुस्तक’ अरबीत ‘किताबु-त्-तालिबि’ होते, म्हणजे पुस्तक आधी, विद्यार्थी मागे. फारसी आणि अरबी या दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण या एका बाबतीत त्या दोघी एका काठावर आहेत आणि मराठी पलीकडच्या.

वाशीम जिल्ह्यातला मराठी माणूस अरबी वाक्यरचनेला अगदीच अनोळखी नाही, एवढे सांगण्यासाठी हा दाखला दिला. या पुस्तकाचा विषय अरबी आणि इंग्रजी यांच्या वाक्यरचनेची तुलना हा आहे. अशी तुलना करणारी पुस्तके इंग्रजीत भरपूर आहेत, पण ती इंग्रजीच्या ओट्यावर बसून अरबीकडे पाहतात. मग अरबी वाक्य म्हणजे इंग्रजी वाक्याचा काहीतरी उलटापालट केलेला प्रकार, असे वाटू लागते. आमच्याकडे अरबी शिकणारी मुले एकतर मदरशात उर्दूतून शिकतात, नाहीतर शहरात जाऊन इंग्रजी पुस्तकांतून. मराठीच्या बाजूने या दोन भाषांकडे पाहिले तर चित्र निराळे दिसते, आणि माझ्या मते अधिक खरे दिसते. पुस्तक त्यासाठी लिहिले आहे.

नवख्या वाचकासाठी आधी मूळ गोष्ट. ‘मुलाने पत्र लिहिले’ या वाक्यात तीन जण आहेत : लिहिणारा, लिहिलेले आणि लिहिणे. मराठीत क्रम कर्ता, कर्म, क्रियापद. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म. अभिजात अरबीत साधारणपणे क्रियापद, कर्ता, कर्म. तिघांच्या मांडणीचे एकूण सहा प्रकार संभवतात आणि सहाही प्रकारांच्या भाषा जगात सापडल्या आहेत, पण वाटणी फार विषम आहे. मॅथ्यू ड्रायर यांनी १३७७ भाषांचा क्रम नोंदला, तेव्हा ५६५ भाषा मराठीसारख्या, ४८८ इंग्रजीसारख्या आणि फक्त ९५ अभिजात अरबीसारख्या क्रियापदाने सुरू होणाऱ्या निघाल्या. कर्म सर्वांत आधी ठेवणाऱ्या भाषा बोटांवर मोजण्याइतक्या. १८९ भाषांना ठरलेला असा एक क्रमच सांगता आला नाही. ‘नैसर्गिक’ क्रम इंग्रजीचा, असे आपल्या शाळांत न बोलता गृहीत धरलेले असते. आकडे पाहिले तर गर्दी आपल्या बाजूला जास्त आहे. अर्थात गर्दीवरून भाषेचे मोल ठरत नाही, तो विषय इथेच सोडतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये ३० भाषांचा नमुना घेऊन एक निबंध छापला, त्याने या अभ्यासाला वळण दिले. क्रियापदाची जागा एकटी बदलत नाही, तिच्याबरोबर इतरही जागा बदलतात, असे त्यांनी दाखवले. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा ‘घरात’, ‘झाडाखाली’ असे संबंध दाखवणारे शब्द नामाच्या मागे लावतात. क्रियापदाने सुरू होणाऱ्या भाषा ते नामाच्या आधी ठेवतात. अरबीत ‘फि-ल्-बैति’ म्हणजे शब्दशः ‘त घर’. विशेषण, षष्ठी, ‘जो-तो’ची वाक्ये यांच्याही जागा बऱ्याच अंशी त्या ओढीने ठरतात. अपवाद भरपूर आहेत. फारसी क्रियापद शेवटी ठेवते पण शब्दयोगी अव्यये बहुतेक आधी लावते आणि ‘मौजे शिरपूर’ म्हणते, म्हणजे ती नियम धाब्यावर बसवूनही शतकानुशतके सुखाने नांदली आहे.

आता एक उदाहरण अगदी जवळून पाहू, कारण पुस्तकाचा गाभा तिथे आहे. मराठीत ‘मोठं घर’ म्हटले की ऐकणारा थांबतो : मोठं घर, त्याचं काय? ‘घर मोठं’ म्हटले की बोलणे पुरे झाले. ‘आहे’ नसले तरी चालते. पाहुणा सोयऱ्याचा वाडा पाहून आल्यावर ‘घर मोठं, पण माणसं साधी’ असेच सांगतो. शब्द तेच, जागा बदलली आणि तुकड्याचे वाक्य झाले. इंग्रजीला हे नुसत्या क्रमावर साधत नाही, तिला मध्ये ‘इज’ घालावेच लागते. अरबीत विशेषण दोन्ही वेळा नामाच्या मागेच राहते, त्यामुळे क्रमाचा उपयोग नाही. तिथे काम करतो ‘अल्’. ‘अल-बैतु-ल-कबीरु’ म्हणजे ‘मोठे घर’; दोन्ही शब्दांना ‘अल्’ आहे, म्हणून ते एकाच गाठोड्यात. ‘अल-बैतु कबीरुन’ म्हणजे ‘घर मोठे आहे’. विशेषणाचा ‘अल्’ काढला की गाठोडे सुटते आणि वाक्य उभे राहते. क्रियापद नाही, ‘आहे’ नाही. एकच काम मराठी जागा बदलून करते, इंग्रजी एक शब्द वाढवून करते आणि अरबी एक ‘अल्’ कमी करून करते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला अरबीचे क्रियापदाविना वाक्य अपुरे वाटते, आणि शिक्षक त्याला सांगतो की इथे ‘इज’ अध्याहृत धरा. मराठी मुलाला काही धरायला लावण्याची गरज नाही. त्याच्या घरी रोज अशी वाक्ये बोलली जातात.

दुसरी गोष्ट प्रत्ययांची. मदरशातल्या व्याकरणाच्या पुस्तकांत जैद आणि अम्र हे दोघे हजार-बाराशे वर्षे एकमेकांना मारत आले आहेत. ‘जरबा जैदुन अम्रन’ : जैदने अम्रला मारले. ‘-उन’ कर्त्याचा, ‘-अन’ कर्माचा. म्हणून ‘जरबा अम्रन जैदुन’ म्हटले तरी मार अम्रलाच बसतो, आणि ‘अम्रन जरबा जैदुन’ म्हटले तरी त्यालाच. मराठी वाचक इथे मान डोलावेल, कारण ‘जैदने अम्रला मारलं’, ‘अम्रला जैदने मारलं’, ‘मारलं जैदने अम्रला’ हे तिन्ही त्याला चालतात. इंग्रजीत दोन नावांची अदलाबदल केली की मारणाराच बदलतो.

पण जुन्या अरब वैयाकरणांनी याच उदाहरणाची एक उलट बाजूही नोंदून ठेवली. ‘जरबा मूसा ईसा’. मूसा आणि ईसा ही दोन्ही नावे ज्या आ-काराने संपतात त्याला विभक्तीचा स्वर चिकटत नाही. कर्ता कोण, कर्म कोण, हे कानाला कळायला मार्ग नाही. अशा वेळी, असे ते सांगतात, पहिला तो कर्ता. अदलाबदल चालणार नाही. म्हणजे प्रत्यय मुके झाले की अरबीही इंग्रजीसारखी वागू लागते. मराठीचेही तसेच आहे. ‘मांजर पाखरू पकडतं’ यात दोन्ही नामे नपुंसकलिंगी, दोन्ही उघडीबोडकी, क्रियापदावरूनही उलगडा होत नाही. इथे क्रम हाच आधार. ‘पाखराला’ म्हटले की क्रम पुन्हा मोकळा. प्रत्यय आणि क्रम हे एकाच ओझ्याचे दोन भोई आहेत, एक वाकला की दुसऱ्याच्या खांद्यावर भार येतो. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्ती होत्या, त्या मध्ययुगात गळत गेल्या आणि क्रम घट्ट झाला. अरबी बोलींमध्येही शेवटचे विभक्तिस्वर गेले, आणि कैरोच्या किंवा दमास्कसच्या रस्त्यावरचे वाक्य आज पुष्कळदा कर्त्यापासून सुरू होते. आता प्रत्यय झिजले म्हणून क्रम घट्ट झाला, की क्रम आधीच बसत चालला होता म्हणून प्रत्ययांची गरज उरली नाही, यावर विद्वानांत वाद आहे. शिवाय आइसलँडची भाषा आहे : विभक्ती शाबूत, तरी क्रम बराच बांधलेला. हिशेब सगळीकडे तंतोतंत जुळत नाही, आणि पुस्तकात तो जुळवून दाखवलेला नाही.

अरबीत वाक्यरचनेवर जेवढा जुना आणि जेवढा कसून विचार झाला, तेवढा फार थोड्या भाषांत झाला असेल. आठव्या शतकात बसऱ्यात सीबवैह नावाचा विद्वान होऊन गेला. तो जन्माने इराणी. अरबी त्याची घरची भाषा नव्हती. त्याचा ग्रंथ नुसता ‘अल-किताब’, म्हणजे ‘पुस्तक’, याच नावाने ओळखला जातो. कोणता शब्द दुसऱ्या कोणत्या शब्दाला कोणती विभक्ती घ्यायला लावतो, हा त्याच्या व्याकरणाचा कणा. पुढे बसऱ्याचे आणि कूफ्याचे अशी वैयाकरणांची दोन घराणी पडली. त्यांच्या वादातला एक मुद्दा आपल्या विषयाला थेट भिडतो. ‘जहबा-ल-औलादु’ म्हणजे ‘मुले गेली’. कर्ता अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनी राहते, कारण ते आधी आले. ‘अल-औलादु जहबू’ म्हटले की क्रियापदही अनेकवचनी होते. बसऱ्याचे पंडित म्हणाले, दुसऱ्या वाक्यात ‘अल-औलादु’ हा कर्ताच नाही. ते वाक्याचे आरंभपद आहे, ‘मुब्तदा’. त्याच्याविषयीची ‘खबर’ पुढे येते, आणि खरा कर्ता क्रियापदाच्या पोटात सर्वनाम होऊन बसला आहे. कूफ्याचे म्हणाले, कशाला एवढी गुंतागुंत, कर्ताच आहे, फक्त पुढे सरकला आहे. हा वाद शब्दच्छल वाटतो, पण तसा नाही. ज्याच्याविषयी बोलायचे तो आणि जो करतो तो, हे दोन वेगळे असू शकतात, ही जाण त्यात आहे. पश्चिमेत हा विचार फार उशिरा, प्रागच्या भाषाशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात नीट मांडला.

मराठी वाचकाला हे समजायला आपले प्रयोग पुरेसे आहेत. ‘मुलांनी कैरी खाल्ली’ यात करणारी मुले, पण क्रियापद ऐकते कैरीचे. ‘मुलांनी कुत्र्याला मारलं’ यात ते कोणाचेच ऐकत नाही. क्रियापदाने कर्त्याशी जुळलेच पाहिजे हा इंग्रजी शाळेतला नियम आपल्या भाषेला कधीच लागू नव्हता. कर्मणी आणि भावे प्रयोग ज्याने शाळेत घोकले आहेत, त्याला अरबी क्रियापद आधी आले म्हणून एकवचनी राहिले, याचे नवल वाटू नये.

अकराव्या शतकात अब्दुल काहिर अल-जुर्जानी याने क्रमाचा विचार व्याकरणातून उचलून साहित्यात नेला. त्याचे म्हणणे असे की सौंदर्य सुट्या शब्दांत नसते, त्यांच्या जुळणीत असते, आणि आधी-मागे ठेवण्यात अर्थ बदलतो. प्रश्नार्थक वाक्याचे त्याचे विवेचन मला फार आवडते. प्रश्नाच्या अव्ययाला लागून क्रियापद ठेवले तर शंका कृतीविषयी असते : झाले का हे? कर्ता ठेवला तर कृती झाली हे मान्य असते, शंका करणाऱ्याविषयी : तू केलेस का हे? आपण हेच ‘का’ हलवून आणि आवाजावर जोर देऊन करतो. ‘तू केलंस का?’ आणि ‘तूच का केलंस?’ यांतले अंतर घरात भांडण झाल्यावर लहान मुलालाही कळते. सूरह फातिहामध्ये एका ठिकाणी कर्म क्रियापदाच्या आधी ठेवलेले आहे. जमख्शरीसारख्या भाष्यकारांनी त्यात ‘फक्त तुझीच’ असा अर्थ वाचला. मराठीत तेवढ्यासाठी ‘च’ आहे. इंग्रजीला अशा वेळी लांबचा वळसा घ्यावा लागतो.

बाराव्या शतकात कॉर्डोव्हाच्या इब्न मदा याने सीबवैहपासून चालत आलेल्या त्या कण्यावरच घाव घातला. शब्द शब्दाला विभक्ती घ्यायला लावतो हे थोतांड आहे, विभक्ती बोलणारा लावतो, असे त्याने लिहिले. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. १९४७ मध्ये शौकी दैफ यांनी कैरोत त्याचे पुस्तक छापले, तेव्हा अरबी शिकवण्यात सुधारणा मागणाऱ्यांना त्यात आधार सापडला. आपल्याकडच्या मदरशांपर्यंत मात्र ती हवा क्वचितच आली. तिथे लखनौच्या फिरंगी महालातल्या मुल्ला निजामुद्दीनांच्या नावाने चालणारा अठराव्या शतकातला दर्स-ए-निजामी पाठ्यक्रम अजून पाया आहे, आणि व्याकरणाची सुरुवात ‘नहवमीर’ या फारसी पुस्तकाने होते. म्हणजे मंगरूळपीरचा किंवा कारंज्याचा मुलगा घरात उर्दू, शेजारी वऱ्हाडी आणि व्याकरणात फारसी अशा तीन पायऱ्या चढून अरबी वाक्याशी पोचतो. तिन्ही भाषा क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या. त्याच्या अडचणी लंडनच्या विद्यार्थ्याच्या अडचणी नाहीत, आणि त्याच्यासाठी लिहिलेले पुस्तक वेगळेच असायला हवे.

आपल्या बाजूला या विषयाची परंपरा अरबीहून जुनी आहे, पण तिचा रोख निराळा. पाणिनीने शब्दांच्या क्रमाला नियमच दिला नाही म्हटले तरी चालेल. त्याची कारके अर्थावर उभी आहेत, जागेवर नाहीत. मीमांसकांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन अटींवर वाक्य तोलले. त्यातली सन्निधी म्हणजे शब्दांचे जवळ असणे. अमुक आधी, तमुक मागे असे नव्हे. श्लोकाचा अन्वय लावण्याची आपली शाळेतली सवय म्हणजे विस्कटलेला क्रम गद्याच्या क्रमाला आणणे. मराठी माणूस इतर काही विसरला तरी अन्वय लावणे विसरत नाही, आणि अरबी कविता वाचताना याच हत्याराचा उपयोग होतो.

इथे वाशीमचा उल्लेख आला नाही तर तो अन्याय होईल. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा जो ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला, त्यात वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. पदव्या आणि पूर्वज एका भाषेत, गाव आणि जमीन दुसऱ्या भाषेत. याच घराण्यातल्या सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिले. ते आज पूर्ण मिळत नाही, पण आनंदवर्धनासारख्यांनी त्याची दखल घेतलेली आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मात लावले आणि ‘कर्पूरमंजरी’त वच्छोमी रीतीचा उल्लेख केला. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची, तीच वैदर्भी, आणि ही रीती मूलतः वाक्यरचनेची गोष्ट आहे. समास थोडके, विभक्ती उघड्या, संबंध कानाला लगेच कळणारे. तिच्या उलट गौडी रीतीत लांबलचक समासांच्या आत सगळे संबंध गुंडाळून टाकलेले. रुद्रटाने तर समासांच्या लांबीवरच रीती मोजल्या, आणि समास नसणे ही वैदर्भीची खूण ठरवली. समासात विभक्ती गळते, मग अर्थ लावायला क्रमच राहतो. म्हणजे प्रत्यय आणि क्रम यांच्यातला तोच व्यवहार साहित्यशास्त्राने रीतीच्या नावाने ओळखला होता, आणि त्यातल्या एका टोकाला या भूमीचे नाव दिले होते.

पुढचा धागा कारंज्यात सापडतो. कारंज्याच्या जैन भांडारांत अपभ्रंश हस्तलिखिते शतकानुशतके जपली गेली. तिथूनच कारंजा जैन ग्रंथमाला निघाली : प. ल. वैद्यांनी १९३१ मध्ये पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ संपादले, हीरालाल जैनांनी १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’. संस्कृतचे विभक्तिप्रत्यय झिजून एकमेकांत मिसळत चालले आहेत, आणि नामामागे वेगळे शब्द येऊन त्यांचे काम उचलू लागले आहेत, ही मधली अवस्था अपभ्रंशात दिसते. मराठीचे ‘ला’, ‘ने’, ‘साठी’, ‘कडून’ हे सगळे त्या पडझडीनंतर उभे राहिलेले बांधकाम. वऱ्हाडी ‘मले’, ‘तुले’सुद्धा त्यातलेच. इंग्रजीचे प्रत्यय पडले तेव्हा तिने क्रम घट्ट केला. आपले पडले तेव्हा आपण नवे प्रत्यय घडवले. माझ्या दृष्टीने या पुस्तकातला हा सर्वांत महत्त्वाचा फरक आहे. या ग्रंथमालेकडे वाक्यरचनेच्या दृष्टीने अजून फार पाहायचे बाकी आहे.

मराठी व्याकरणांचा इतिहास इथे थोडक्यात उरकतो. विल्यम कॅरीचे व्याकरण १८०५ चे, दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ १९११ चा. वाक्याचे पृथक्करण, उद्देश्य आणि विधेय हा साचा यांपैकी बराचसा इंग्रजी व्याकरणातून आला. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. युरोपीय पंडितांचे अरबीकडे लक्ष त्याआधीच गेले होते : सिल्वेस्त्र द सासीचे फ्रेंच व्याकरण १८१० चे, आणि विल्यम राइटचे इंग्रजी व्याकरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे, जे अजून टेबलावरून हललेले नाही. पुढे चॉम्स्कीच्या वाटेने गेलेल्यांनी, विशेषतः मोरोक्कोच्या अब्दुलकादिर फासी फेहरी यांनी, अरबीचे क्रियापद मुळात आत असते आणि वर चढून पुढे येते अशी मांडणी केली. तिच्या तपशिलात इथे शिरत नाही.

हे आत्ता कशासाठी? एक कारण भाषांतर. दिल्लीचे शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर हे दोघे सख्खे भाऊ, शाह वलीउल्लाहांचे मुलगे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी कुराणाचे उर्दू भाषांतर केले. रफीउद्दीनांनी प्रत्येक अरबी शब्दाखाली त्याच क्रमाने उर्दू शब्द ठेवला. कोणता शब्द कशासाठी आला हे त्यात बिनचूक कळते, पण वाक्य उर्दूचे राहत नाही. अब्दुल कादिरांनी वाक्य उर्दूच्या वळणाचे केले. एकाच घरात झालेल्या या दोन भाषांतरांत वाक्यरचनेचा सगळा पेच मांडून ठेवलेला आहे, आणि दोन्ही आजही वाचली जातात. मराठीत पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले, ते १९२४ मध्ये निघाले. हिब्रू अरबीची बहीण, तिथेही कथा सांगताना क्रियापद पुढे धावते. रमाबाईंना हीच ओढाताण करावी लागली असणार.

दुसरे कारण आपल्या रोजच्या मराठीत आहे. ‘पाऊस येणार असं तो म्हणाला’ ही आपली जुनी चाल. ‘तो म्हणाला की पाऊस येणार’ ही ‘की’ची चाल फारसीच्या सहवासाने बळावली, असे अभ्यासक मानतात. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरच्या फारसी परिणामावर स्वतंत्र पुस्तक लिहिले ते उगीच नाही. आता इंग्रजीचा रेटा आहे. ‘मंत्री, जे काल वाशीमला आले होते, यांनी सांगितले’ अशी वाक्ये बातम्यांत येऊ लागली आहेत. मराठीत ‘काल वाशीमला आलेल्या मंत्र्यांनी’ एवढ्याने भागते. अरबी इथे तिसराच मार्ग घेते : ‘अल-किताबु-ल्लजी करअतुहू’, म्हणजे ‘ते पुस्तक जे मी वाचले त्याला’, मागे एक सर्वनाम ठेवून ती गाठ मारते. इंग्रजी ती जागा रिकामी सोडते. यंत्राने केलेल्या भाषांतरात ही गाठ आणि ही रिकामी जागा चुकू शकते, आणि चूक ओळखायची तर दोन्हीकडची रचना माहीत हवी.

भाषा शेजारी नांदल्या की रचना एक होत जाते, याचा जगभर गाजलेला दाखला महाराष्ट्राच्याच दक्षिण सीमेवरचा आहे. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये कुपवार या गावावर निबंध लिहिला. तिथे कानडी, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बोलल्या जात होत्या, आणि वाक्यांचा साचा इतका एक झाला होता की शब्दागणिक शब्द बदलला की भाषांतर पुरे. आमच्या जिल्ह्यात वऱ्हाडी, उर्दू आणि बंजारा बोली शेजारी आहेत. पोहरादेवीच्या जत्रेत तिन्ही एका दुकानापुढे ऐकू येतात. तिन्ही क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या असल्याने देवाणघेवाण सोपी. अरबी या शेजारात पठणाच्या रूपाने आहे आणि इंग्रजी शाळेच्या रूपाने. या दोघी क्रमाच्या बाबतीत पाहुण्या. म्हणून तुलना या दोघींची करायची आणि ती यजमानाच्या भाषेतून करायची, असे ठरवले.

पुस्तकात अरबी शिकवलेली नाही. ते पाठ्यपुस्तक नव्हे. शब्दांची रूपे, धातूंचे साचे यांना जरुरीपुरताच हात लावला आहे. भर वाक्यावर आहे : साधे, क्रियापदाविना, प्रश्नाचे, नकाराचे, वाक्यात वाक्य असलेले. प्रत्येक ठिकाणी अरबी आणि इंग्रजी समोरासमोर ठेवून मधला दुवा मराठीचा, आणि जिथे प्रमाण मराठीपेक्षा वऱ्हाडी अधिक उजेड पाडते तिथे वऱ्हाडीचा. ‘काय करून राह्यला?’ या एका प्रश्नावर एक अख्खे प्रकरण आहे. इंग्रजीचा ‘इंग’ आणि अरबीचे वर्तमानकाळी रूप त्याच्या दोन बाजूंना. कुराणाची उदाहरणे थोडीच घेतली आहेत आणि ती व्याकरणापुरती. बाकी वाक्ये व्याकरणकारांची नेहमीची, वर्तमानपत्री अरबीच्या वळणाची, किंवा तुलनेसाठी बनवलेली. बातमीच्या मजकुरात क्रियापद आधी येते आणि मथळ्यात पुष्कळदा नाम आधी, हा आधुनिक अरबीचा विशेष त्या निमित्ताने वाचकाला दिसेल.

अरबी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. अरबीतले काही वेगवेगळे ध्वनी आपल्या लिपीत एकाच अक्षरावर येतात : ‘जरबा’, ‘जैद’ आणि ‘जहबा’ यांतले तिन्ही ‘ज’ मुळात तीन निराळी अक्षरे आहेत. वाक्यरचनेला त्याने बाधा येत नाही, म्हणून खुणा वाढवल्या नाहीत. शेवटचे विभक्तिस्वर मात्र सगळीकडे लिहिले आहेत, जरी बोलताना वाक्याच्या अखेरीस ते गाळले जातात. मोठ्याने वाचताना वाचकाने तेही उच्चारावेत, निदान पहिल्या तीन प्रकरणांत.